वाटणीच्या कथा, आवराआवरीचे मौन

मराठी वाङ्मयात घराची वाटणी पुष्कळ वेळा झाली आहे. भावाभावांत भिंत उभी राहिली, शेताचे तुकडे पडले, सोन्याचे डाग कुणाच्या अंगावर चढले आणि कुणाच्या वाट्याला नुसती डबी आली, या साऱ्याची आपल्या कथा-कादंबऱ्यांनी आणि नाटकांनी चोख नोंद ठेवली आहे. वाटणीच्या अलीकडे मात्र एक काम असते आणि त्याची नोंद जवळजवळ नाही. थकलेली आई किंवा एकटे पडलेले वडील हयात असताना त्यांचे चाळीस-पन्नास वर्षांच्या चीजवस्तूंनी गच्च भरलेले घर रिकामे करणे, हे ते काम. कधी गावचे घर विकायचे असते, कधी चाळ पुनर्विकासाला जाते, कधी अम्मीला मुलाच्या दोन खोल्यांत राहायला आणायचे असते. मग माळ्यावरची बोचकी खाली येतात, पलंगाखालच्या ट्रंका उघडतात आणि दोन दिवसांत सारे निकालात निघते. या वस्तूंना बाजारभाव नाही म्हणून भांडण नाही, भांडण नाही म्हणून नाट्य नाही, असे आपल्या लेखकांनी गृहीत धरलेले दिसते. आमच्या मते हे गृहीतच चुकीचे आहे. मुस्लिम मराठी लेखकाने तरी ते मुकाट्याने स्वीकारायला नको होते.

आधी प्रस्थापित मराठीतील सर्वांत मोठ्या उदाहरणाकडे पाहू. महेश एलकुंचवार यांचे 'वाडा चिरेबंदी' १९८५ साली रंगभूमीवर आले. विदर्भातील देशपांड्यांचा वाडा, तात्याजींचा मृत्यू, तेराव्याच्या खर्चावरून होणारी ओढाताण, हे सर्व वाचकांना ठाऊक आहे. या नाटकात वस्तू आहेत आणि त्या बोलतातही. अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर आहे. वहिनी रात्रीच्या एकांतात एकेक दागिना अंगावर चढवते आणि घराण्याचे सगळे वैभव एका दमलेल्या बाईच्या देहावर क्षणभर उजळून निघते, तो प्रवेश मराठी नाटकातील थोर प्रवेशांपैकी आहे. पण ट्रॅक्टर काय आणि सोने काय, दोन्ही किमतीच्या वस्तू. एकीची किंमत गेली, दुसरीची राहिली, एवढाच फरक. वाड्यातल्या फडताळात आणि दादीच्या गाठोड्यात आणखी काय होते, ते नाटक सांगत नाही. त्याला त्याची गरजही नव्हती, कारण ते उभेच आहे वाटणीच्या प्रश्नावर. एलकुंचवारांवर आमचा ठपका नाही. ठपका आहे तो नंतरच्या चाळीस वर्षांत या वाड्याच्या नकला काढणाऱ्यांवर. त्यांत आपलीही माणसे आहेत.

आपल्याकडील अशा लेखनाचा एक साचा ठरून गेला आहे. पहिल्याच पानावर आजी मरते. मग तिचे पानदान येते, उगालदान येते, अत्तराची कुपी येते, चांदीचा सुरमेदाणीचा जोड येतो आणि 'एक संस्कृती लोप पावली' अशा सुस्काऱ्याने लेखन संपते. आम्ही विचारतो, हे पानदान कुणाचे? लखनौ आणि हैदराबादच्या खानदानी घरांतून उर्दू अफसान्यांच्या मार्गे ते आपल्या मराठी कथेत आले आहे. सोलापूरच्या विणकराच्या घरी, मालेगावच्या लूमवाल्याच्या घरी, रत्नागिरीच्या खलाशाच्या घरी ते किती ठिकाणी होते? काही घरांत होतेही, नाही असे नाही. पण आपल्या समाजाचे बहुसंख्य घर ज्या वस्तूंनी भरले ते या सुंदर यादीत कुठेच दिसत नाही. उसनवार आणलेल्या वस्तूवर उसनवारीचेच दुःख करता येते.

मग आपली घरे कशाने भरली?

पहिली गोष्ट कागद. बाहेरच्याला हे हास्यास्पद वाटेल, पण आपल्या घरांत कागद साठण्याचे एक अगदी स्वतंत्र कारण आहे. उर्दू वर्तमानपत्र जुनी माणसे रद्दीत घालत नाहीत. 'इन्किलाब' १९३८ पासून मुंबईतून निघतो. त्याच्या कुठल्या ना कुठल्या पानावर आयत असते, हदीस असते, निदान कुणाच्या नावात तरी अल्लाहचे नाव असते. त्यावर भजी बांधली जातील, पाय पडेल, या भीतीने तो कागद घडी होऊन पिशवीत जातो, पिशवी माळ्यावर जाते. मदरशातील सिपाऱ्यांची सुटलेली पाने, लग्नपत्रिका, ईदची कार्डे, रमजानच्या वेळापत्रकाचे तक्ते, सगळे त्याच पिशवीत. सुटलेल्या पानांना आपल्याकडे 'शहीद औराक' म्हणतात. पानाला शहीद म्हणणारा समाज त्याला किलोच्या भावाने कसा विकेल? ही पाने जमिनीत पुरायची, वाहत्या पाण्यात सोडायची की मशिदीतल्या पेटीत ठेवायची, हे ठरेपर्यंत वीस वर्षे जातात. याला पसारा म्हणणे सोपे आहे. आम्हाला तो पुढे ढकललेला अदब वाटतो. एका अख्ख्या कथेचा ऐवज या पिशवीत आहे, आणि आमच्या वाचनात ती कथा आलेली नाही.

त्याच कागदाखाली दुसरा थर असतो, वाचनाच्या शौकाचा. १९३९ साली दिल्लीहून सुरू झालेला 'शमा' १९९९ पर्यंत चालला. फिल्मी म्हणून तो घरातील मोठ्यांपासून लपवला जाई आणि मोठेही तो लपवूनच वाचत. १९५२ साली अलाहाबादहून सुरू झालेल्या 'जासूसी दुनिया'तील इब्ने सफींच्या कादंबऱ्या हातोहात फिरत. ज्या अब्बांना मुलांनी फक्त तस्बीह फिरवताना पाहिले, त्यांच्या ट्रंकेत या कादंबऱ्यांची चळत सापडते तेव्हा मुलांना हसू येते. आम्हाला वाटते, थोडे थांबून पाहिले पाहिजे. २०१३ साली सुरू झालेल्या 'रेख्ता'च्या संकेतस्थळाने हजारो उर्दू पुस्तके उपलब्ध करून दिल्यामुळे छापील मजकूर कायमचा नष्ट होण्याची धास्ती थोडी उणावली आहे. पण संकेतस्थळावर कादंबरी मिळेल, पुस्ताच्या आत अब्बांनी पेन्सिलने मांडलेला महिन्याचा हिशेब मिळणार नाही. शेवटच्या कोऱ्या पानावर मुलांच्या जन्माची तारीख, वार आणि वेळ लिहून ठेवण्याची आपल्याकडे रीत होती. जन्मनोंदणी कार्यालयाची पायरी न चढलेल्या कितीतरी माणसांची जन्मतारीख अशा एखाद्या पानावरच आहे.

कोकणातले घर वेगळ्याच मालाने भरले. सत्तरच्या दशकापासून तिथला माणूस मोठ्या संख्येने आखातात गेला आणि दर दोन वर्षांनी बॉक्स बांधून परत आला. जाड फुलांची ब्लँकेटे, थर्मास, काचेचे डिनरसेट, टू-इन-वन, पावडर दुधाचे रिकामे डबे. डिनरसेट शोकेसमध्ये बसला तो बसलाच. मेहमान आले तरी ताटे स्टीलची. आता या घरांत एकटी अम्मी आणि तिच्याभोवती कधीही न वापरलेली चार जणांच्या उमेदीची चीजवस्तू. टीकाकार याला चंगळवाद म्हणून मोकळे होतील. पण जो माणूस तीस वर्षांत सगळे मिळून फार तर तीन-चार वर्षे घरी राहिला, त्याची हजेरी म्हणजेच या वस्तू होत्या. डिनरसेट वापरला असता तर फुटला असता. हमीद दलवाईंच्या 'इंधन'चा (१९६५) निवेदक बऱ्याच वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी परततो. ती कादंबरी गावातील तणावाची आहे आणि आखाती पैशाच्या आधीची आहे. त्या गावाचे पुढे काय झाले, ते या शोकेसच्या काचेतून कुणीतरी पाहायला हवे होते.

मालेगाव-भिवंडीकडे यावे तर घरातली सर्वांत मोठी वस्तू म्हणजे खुद्द लूम. ज्या यंत्राच्या खडखडाटात तीन पिढ्या झोपल्या, ते बंद पडल्यावर भंगारात वजनावर जाते. त्यावर कविता झाल्या आहेत आणि पुढेही होतील, म्हणून इथे अधिक लिहीत नाही.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. एकदा आठवीच्या मुलांना सांगितले की, दादी-नानीच्या घरातून उर्दूत काही लिहिलेले असेल ते तिला विचारून आणा, वाचू आणि परत नेऊन द्या. पाठाचे उद्दिष्ट हस्ताक्षर वाचणे, एवढेच होते. मुलांनी निकाहनामे आणले, निळी हवाईपत्रे आणली, दूधवाल्याच्या हिशेबाची वही आणली. एका मुलीने आणलेल्या चिठ्ठीवर फक्त आठ बायकांची नावे आणि त्यांच्यापुढे आकडे होते. वर्गात कुणी म्हणाले भिशी, कुणी म्हणाले उधारी. नानीला विचारून दुसऱ्या दिवशी ती सांगत आली की, एका लग्नात कुणी किती आहेर केला त्याची ती नोंद आहे, आणि त्यांतल्या तिघींना परतफेडीचा आहेर करायचा नानीचा राहून गेला आहे. तो कागद नानीने छत्तीस वर्षे जपला होता. शिकस्ता वळणाच्या त्या अक्षरांपुढे आमचीही कसोटी लागली. आता जी मुले-सुना घर रिकामे करायला येतात, त्यांतली बरीच मराठी वा इंग्रजी माध्यमातून शिकलेली. त्यांना निकाहनामा आणि धोब्याचा हिशेब सारखाच दिसतो, आणि दोन्ही सारखेच पवित्र किंवा सारखेच निरुपयोगी ठरतात. यात मराठी माध्यमाला दोष देण्याचा हेतू नाही. हा अंक मराठीत निघतो तो त्याच माध्यमाच्या बळावर. पण जे वाचता येत नाही त्याची किंमत करण्याचा अधिकार कुणाला, हा प्रश्न तर उरतोच.

आता आमच्या मुद्द्याच्या गाभ्याकडे. घर रिकामे करताना तिथे कोणता प्रश्न विचारला जातो? बाजार विचारतो, याचे किती येतील. अलीकडची पुस्तके वेगळे विचारतात. मारी कोंडो या जपानी बाईंचे आवराआवरीवरचे पुस्तक २०११ साली आले. वस्तू हातात घ्या आणि ती आनंद देते का पाहा, असा त्यांचा मंत्र. स्वीडनच्या मार्गरेटा मॅग्नुसन यांचे २०१७ सालचे पुस्तक त्याहून शहाणे आहे. मरणाआधी आपला पसारा आपणच आवरावा, मागच्यांवर टाकू नये, असे त्या सांगतात. मराठी पुरवण्यांनी दोन्ही उचलून धरली. वाईट काही नाही. पण आपल्या परंपरेत याहून जुना आणि याहून कडक प्रश्न पडून आहे: हे कुणाचे आहे?

माणूस गेल्यावर त्याच्या मागे जे राहते तो 'तरका'. त्यातून आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग एक तृतीयांशाच्या मर्यादेत वसीयत आणि उरलेल्यातून वारसांचे हिस्से, हा क्रम मदरशातले पोरही सांगेल. बायकोचा न दिलेला महर हेही कर्जच. ज्याच्याकडे वसीयत करण्याजोगे काही आहे त्याने लेखी वसीयतीविना दोन रात्रीही काढू नयेत, अशा आशयाची हदीस सर्वांना पाठ असते आणि वसीयत मात्र क्वचितच कुणी लिहिलेली असते. या सगळ्याचा अर्थ असा की, आई हयात असताना तिच्या घरात वारस कुणीच नाही. तिच्या ट्रंकेवर मुलाचा हक्क शेजाऱ्याइतकाच. आणि आपल्या कथांतली मुले मात्र ती जिवंत असतानाच वारसासारखी वागतात. 'अम्मी, हे काय ठेवलंय तू, फेकून देऊ?' या एका वाक्यात जो अतिक्रमणाचा भाग आहे तो आपल्या लेखकांच्या कानाला लागत नाही. ते त्याला प्रेमळ दटावणी समजतात.

शिवाय ट्रंकेतले सगळे अम्मीचेही नसते. हे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. विश्वासू बाईच्या घरी मोहल्ला आपल्या चीजा ठेवतो. कुणाचे चांदीचे पैंजण, कुणाच्या मुलीच्या महरचा कागद, नवऱ्यापासून लपवलेले कुणाचे शंभर-दोनशे. ही अमानत. ती परत करायची असते. ज्यांच्या त्या चीजा, त्यांतल्या काही गेल्या, काही दुसऱ्या गावी गेल्या. कोणती पुरचुंडी कुणाची, हे फक्त त्या म्हातारीला ठाऊक आणि तिची स्मरणशक्ती रोज थोडी थोडी चालली आहे. म्हणजे घाई खरीच आहे. पण ती घर मोकळे करण्याची घाई नाही, विचारून घेण्याची आहे. आवराआवरीच्या कथेतले नाट्य इथे आहे, आणि ते सोन्याच्या वाटणीपेक्षा तसूभरही उणे नाही.

अमानत दुसऱ्याच्या घरी ठेवण्यात जोखीम असतेच. हालींच्या 'यादगार-ए-गालिब'मध्ये (१८९७) नोंद आहे की, गालिब पुस्तके विकत घेत नसत, भाड्याने आणून वाचत. स्वतःचे काव्यही त्यांनी साठवले नाही. ते नवाब झियाउद्दीन खान आणि हुसेन मिर्झा यांच्या संग्रही असे. १८५७ मध्ये दिल्लीतली ती दोन्ही घरे लुटली गेली आणि गालिबांची कमाई दुसऱ्यांच्या घरातून गेली.

उर्दू साहित्याने या विषयाला हात घातला आहे का? थेट नाही, पण दोन ठिकाणी त्याच्या अगदी जवळ ते आले आहे. इस्मत चुगताई यांची 'चौथी का जोडा' ही कथा हुंड्याची आणि फसवणुकीची कथा म्हणून शिकवली जाते. आम्हीही तशीच शिकलो. पण ती पुन्हा वाचताना ध्यानात येते की, ती कापड बेतणाऱ्या एका आईची कथा आहे. कुब्राच्या लग्नासाठी बी अम्मा तुकड्या-तुकड्याने जोडा जमवते, राहतला खाऊ घालण्यासाठी अंगावरचे डाग एकेक करून विकते, आणि शेवटी तीच कुशल बोटे पांढऱ्या कापडावर मुलीच्या कफनाचे माप घेतात. इस्मत आपांनी पेटीतल्या कापडाला भाव लावला नाही. त्यांनी पाहिले ते वस्तू कशासाठी ठेवली होती आणि कशासाठी निघाली. आपल्या घरांतही म्हाताऱ्या माणसांच्या ट्रंकेच्या तळाशी एक पांढरे कापड असते, हजहून आणलेले, जमजममध्ये भिजवून वाळवलेले. सून ते चुकून चादर म्हणून बाहेर काढते. म्हातारी काही न बोलता त्याची घडी पुन्हा घालते. ही तीन वाक्ये कुठल्या मराठी कथेत असती तर आम्ही हा लेख लिहिला नसता.

दुसरे ठिकाण साहित्यात नाही, पडद्यावर आहे. इस्मत चुगताईंच्याच एका अप्रकाशित कथेवरून एम. एस. सथ्यू यांनी केलेला 'गर्म हवा' १९७४ साली प्रदर्शित झाला आणि २०१४ मध्ये नव्या प्रतीसह पुन्हा आला. आग्र्याच्या मिर्झा कुटुंबाची हवेली पाकिस्तानात गेलेल्या भावाच्या नावावर असते, म्हणून ती हातची जाते. घर सोडण्याच्या दिवशी म्हातारी दादी सरपणाच्या कोठडीत जाऊन लपते. तिला उचलून बाहेर आणावे लागते. पुढे मरणाच्या दारी असताना तिला डोलीतून हवेलीत नेतात आणि तिथेच ती डोळे मिटते. समीक्षकांनी या प्रसंगात फाळणीचे रूपक पाहिले आणि ते बरोबरच आहे. पण रूपकाच्या आधी एक साधी गोष्ट घडते. सामान बाहेर निघत असताना म्हातारी कुठे आहे हे कुणाच्याच ध्यानात येत नाही, इतके सगळे सामानात गुंतलेले असतात. आणि ती लपते कुठे? बैठकीत नाही, आपल्या पलंगावर नाही. ज्याला कुणी सामान म्हणून मोजणार नाही त्या सरपणात.

बदर बेगमनी साकारलेल्या त्या दादीच्या तोडीची एकही म्हातारी आपल्या मुस्लिम मराठी कथेत नाही, असे विधान आम्ही जबाबदारीने करतो. आपल्या म्हाताऱ्या एक तर दुआ देतात, नाही तर मरतात. त्या अडवत नाहीत, लपत नाहीत, एका तुटक्या कंदिलासाठी दोन दिवस जेवण सोडत नाहीत. आणि मुलेही सरळ दुष्ट असतात किंवा सरळ हळवी. रजा संपायच्या आत घर रिकामे करायचे म्हणून घामाघूम झालेली, आईवर ओरडणारी, रात्री मोरीत जाऊन रडणारी सून कुठे दिसत नाही. हे काम बहुतेक घरांत बायकाच करतात आणि आठवणींचे लेख पुरुष लिहितात, हे त्याचे एक कारण असावे. हा अंक चाळून पाहावा.

नव्या लिहिणाऱ्यांपैकी कुणाला विषय हवा असेल तर कोकणातल्या त्या शोकेसच्या खालच्या कप्प्यात कॅसेटी आहेत. फोन दुर्मीळ होता त्या काळात कुवेत-दोहाहून कुणाच्या तरी हातून पत्राऐवजी आवाज भरून कॅसेट यायची. घरचे सगळे भोवती बसून ऐकायचे आणि दुसऱ्या बाजूला आपला आवाज भरून परत पाठवायचे. काही परत गेल्या, काही राहिल्या. डबीवर छापील नाव कुठल्या तरी कव्वालीचे, कारण जुन्याच कॅसेटीवर भरलेले असे. घर आवरणारा मुलगा डबी वाचतो आणि कव्वाल्या म्हणून भंगारवाल्याच्या पोत्यात टाकतो. वाजवायचे यंत्र आता घरात नाही. कोणत्या डबीत कव्वाली आहे आणि कोणत्या डबीत १९८३ सालचे अब्बा आहेत, ते आत पलंगावर पडलेल्या अम्मीला विचारावे लागेल.